बिनबोलावण्याचा सण

सकाळी कचरा टाकायला खाली गेले, तर रस्त्याकडच्या दारावरच्या घंट्यांच्या पाटीत आमचं नाव नव्हतं. कालपर्यंत चौथ्या मजल्यासमोर पितळी पट्टीवर बाबांचं आडनाव होतं. आता तिथे कागदाचा कपटा, त्यावर आईच्या अक्षरात तिचं माहेरचं नाव आणि वरून चिकटपट्टी. चिकटपट्टीखाली हवेचा एक फुगा राहिला होता. मी तो अंगठ्याने दाबून पाहिला. तो बाजूला सरकला, गेला नाही. ते आडनाव माझंही होतं, हे कपटा कापताना आईच्या ध्यानात आलं असेल की नाही, कोण जाणे. नदीपलीकडे बाबा राहतात त्या इमारतीत घंटीवर इरेनाचं नाव आहे, कारण घर तिचं. म्हणजे या एवढ्या मोठ्या बेलग्रेडमध्ये आता माझ्या नावाची एकही घंटी उरलेली नाही. कचऱ्याची पिशवी हातात धरून मी तिथेच उभी राहिले आणि मला चक्क हसू आलं. आईने मुहूर्त तरी काय साधला होता. आज संत दिमित्रीचा दिवस, म्हणजे आमची स्लाव्हा. इथे प्रत्येक कुळाचा एक संत असतो. तो बापाकडून मुलाकडे जातो आणि बाईने लग्न केलं की नवऱ्याचा संत तिचा होतो. वर्षातून एकदा त्याच्या दिवशी मेणबत्ती लावायची, पाव मोडायचा आणि दिवसभर दार उघडं ठेवायचं. नाव तर आईने काढून टाकलं, संत मात्र ठेवून घेतला. वर ओट्यावर कालपासून सारमाचं, खिमा भरलेल्या कोबीच्या गुंडाळ्यांचं, पातेलं होतं. आंबवलेल्या कोबीच्या पानांचा वास जिन्यात तिसऱ्या मजल्यापर्यंत उतरला होता.

बाबा वसंतात गेले तेव्हा संताची तसबीर घेऊन गेले. दुसरं फारसं काही नेलं नाही. भिंतीवर तिच्या जागी एक पांढुरका चौकोन राहिला आणि आईने कित्येक महिने त्याच्याकडे पाठ करून जेवण केलं. मग मागच्या आठवड्यात चर्चच्या दुकानातून तिने छापील तसबीर आणली, जुनीपेक्षा लहान, त्यामुळे आता तिच्याभोवती चौकोनाची पांढरी कड दिसते. तोच संत, तोच तांबडा घोडा. "आई, एक घोडा आहे त्याच्याकडे," मी म्हणाले, "दोन घरं कशी करणार तो?" आई कांदा चिरत होती. म्हणाली, "तुझ्या बापाच्या घराण्याला संत होता हे मी येईपर्यंत कुणाला माहीत तरी होतं का? पाव मी मळला, गहू मी शिजवले, माणसं मी वाढली. नाव त्याचं त्याला लखलाभ. संताला मी सोडणार नाही." आई बरोबर बोलत होती. अलीकडे आई जे बोलते ते सगळं बरोबर असतं, आणि तेच मला नकोसं होतं. बाबाही बरोबर असतात. सबंध बेलग्रेडमध्ये यांच्यासारखी बरोबर माणसं दुसरी नसतील.

गुरुवारी बाबांचा फोन आला होता. मी शाळेतून येत होते. "नेवेना, शनिवारी जरा खाली उभी राहशील?" मी विचारलं, कुठे खाली? "तिकडे गं. जुन्या घराखाली. लोक सवयीने तिकडेच येणार. माझा नवा पत्ता ठाऊक आहे कुणाला?" "मग फोन करा ना सगळ्यांना." "आणि काय सांगू? माझ्याकडे जेवायला या म्हणून?" स्लाव्हाचं बोलावणं करत नाहीत. ज्याला आठवण असते तो येतो, ज्याला नसते तो येत नाही, आणि यजमानाने त्याबद्दल अवाक्षर काढायचं नसतं. "स्लाव्हाला माणसं गोळा करतोय म्हटलं तर माझा बाप थडग्यातून उठून येईल." मी म्हणाले, "येऊ दे की. एक पाहुणा तरी झाला." बाबा हसले. माझ्या टोमण्यांवर ते नेहमी हसतात. पूर्वी मला वाटायचं त्यांना माझा विनोद कळतो. आता वाटतं, शब्द ते ऐकतच नाहीत, हसायची वेळ आली एवढं त्यांना कळतं. "तू नुसतं सांगायचंस, यंदा पलीकडे आहे म्हणून. तू सांगितलंस तर ते बोलावणं होत नाही." मी विचारलं, "आणि पाव? पाव कोण धरणार?" पलीकडे गाडीचा इंडिकेटर टकटकत होता. "तू येईपर्यंत उशीर होईल गं. सकाळीच उरकू आम्ही. इरेनाचा मुलगा आहे ना."

मी फोन खिशात टाकला. पाव धरायला हात लागतात, ते त्या मुलालाही आहेत. पण मला आठवतं, मी इतकी लहान होते की मला स्टुलावर उभं करायचे. तो मोठा गोल पाव, वर कणकेच्या वेण्या आणि पक्षी, खालून फुलीसारखा चिरलेला, चिरेत लाल वाइन ओतलेली. आम्ही तिघं तो धरून गोल फिरवायचो. पाव फिरायचा आणि त्याच्याबरोबर स्वयंपाकघर फिरायचं, खिडकी, आईचा गाल, तसबीर, बाबांची टाय, पुन्हा खिडकी. मग तो मोडायचा. कुणाच्या हाती मोठा तुकडा येतो ते बघायचं, ज्याच्या हाती येईल त्याचं वर्ष चांगलं. मोठा तुकडा दरवर्षी माझ्याच हाती यायचा आणि मला ते खरंच नशीब वाटायचं. दोघं बोटांनी हळूच पाव माझ्याकडे ढकलायचे हे मला मागच्या वर्षी कळलं, कारण मागच्या वर्षी कुणी ढकललं नाही. त्या दिवशी दोघं एकमेकांशी बोलत नव्हते. पाहुण्यांसमोर हसत होते आणि मधूनच न्हाणीघरात जाऊन नळ मोठा सोडून भांडत होते. पाव मोडला तेव्हा दोघांनी आपापल्या बाजूला असा ओढला की माझ्या हातात नुसता कणकेचा पक्षी राहिला. आईबाबांच्या लग्नाचे साक्षीदार, कुम दोब्रिवोये, तिथेच होते. म्हणाले, "पोरीला पक्षी मिळाला, वा, उडणार ही!" सगळे हसले. मीही हसले. तो पक्षी मी खिशात ठेवला आणि तो तिथेच वाळला, मग त्याचा भुगा झाला.

सप्टेंबरात मला पंधरावं पूर्ण झालं. पंधरा झाली की कुणाकडे राहायचं ते मुलाने स्वतः सांगावं असा कायदा आहे. तोवर माझं एक आठवडा इथे, एक आठवडा तिथे असं चाललं आहे, आणि एक निळी बॅग कायम अर्धी भरलेली. पण वाढदिवसापासून दोघं माझ्याशी फार गोड वागतात. आई मला विचारून जेवण करते. बाबा मला विचारून गाणी लावतात. तोंडाने मात्र दोघंही एकच म्हणतात, "घाई नाही. स्लाव्हा होऊ दे, मग निवांत बोलू." त्यांना वाटतं मी विचार करते आहे, तोलून बघते आहे. मी कसलाही विचार करत नाही. मी फक्त वाट बघते आहे की दोघांपैकी कुणीतरी एकदा दमटावून म्हणावं, चल, बॅग ठेव, हे तुझं घर आहे, चर्चा पुरे. तेवढं कुणी म्हटलं असतं तर मी त्याच्याकडे राहिले असते, मग तो कुणीही असो.

कचरा टाकून वर आले तर आई सोन्याचे डूल घालून आरशासमोर उभी होती. टेबल लावून झालं होतं. मधोमध जाडी पिवळी मेणबत्ती, तिच्याशेजारी अक्रोड-साखर घालून घोटलेल्या गव्हाचं ताट, त्यावर पिठीसाखरेची फुली. वीस माणसांच्या बशा. मी दुसरीकडे बघत म्हटलं, "मी जरा खाली जाते." आई आरशातून बोलली, "तेच सांगणार होते. तासभर खाली उभी राहा. नाव बदललंय ना, लोक गोंधळतील. त्यांना वर पाठव." मला वाटलं ती थट्टा करते आहे. ती करत नव्हती. दोघांनी मला नेमक्या एकाच पायरीवर उभं केलं होतं, बोट तेवढं वेगवेगळ्या दिशांना करायचं होतं. नवराबायको असताना यांचं इतकं एकमत कधी झालं नाही.

आजोबा म्हणायचे, दिमित्रीचा दिवस आला की बंडवाल्यांचा तळ उठला. पूर्वी डोंगरातले बंडवाले या दिवशी पांगायचे, थंडीपुरते एकेकाच्या ओळखीच्या घरी लपायचे. मी पायरीवर उभी राहिले. समोरच्या रांगेतल्या झाडांची पानं जवळजवळ सगळी पडली होती आणि कुणीतरी ती झाडून गाड्यांच्या चाकांशी लोटली होती. आमच्या इमारतीतलं कुणी येणार नव्हतं हे मला माहीत होतं. वसंतापासून ही माणसं जिन्यात आमच्याशी आजाऱ्याशी बोलावं तसं हळू बोलतात. पहिल्या आल्या तेओदोरा मावशी, आईच्या शाळेपासूनच्या मैत्रीण, आणि त्यांचे यजमान. हातात शेवंतीची फुलं, कॉफीची पुडी, चॉकलेटचा डबा. मावशींनी घंटीवरचं नवं नाव वाचलं, मग मला बघितलं, मग यजमानांकडे बघितलं. "अगं, आम्ही गाडीत हेच बोलत होतो," त्या म्हणाल्या. "म्हणजे यंदा कसं आहे? इकडे आहे, की तिकडे आहे? आम्हाला दोघंही सारखेच, तुला ठाऊक आहे." मी तोंड उघडलं तेव्हा काय म्हणणार होते ते मला खरंच माहीत नव्हतं. आईचं वाक्य तयार होतं, बाबांचंही तयार होतं. बाहेर आलं तिसरंच. "यंदा नाही."

"कुठेच नाही?"

"नाही. यंदा दोघांनीही नाही केलं."

आणि मग मी त्यांच्या चेहऱ्यावर ते पाहिलं. त्यांना वाईट वाटायला हवं होतं. त्यांना हायसं वाटलं. यजमानांचे खांदे खाली आले, मावशींनी श्वास सोडला, जणू दातांच्या डॉक्टरने आजची वेळ रद्द केली म्हणून सांगावं. "बिचारी गं," म्हणून त्यांनी माझा गाल धरला, फुलं, पुडी, डबा सगळं माझ्या हातात कोंबलं, "आईला सांग, फोन करेन." मग यजमान म्हणाले ते वाक्य, जे आजच्या दिवशी या शहरात सगळे म्हणतात, कारण आज अर्ध्या शहराची स्लाव्हा असते आणि प्रत्येकाला चार उंबरे शिवायचे असतात: "निघतो आम्ही, अजून एका घरी जायचंय." ते गेले. मी ते सगळं जिन्याखाली कुणाच्या तरी बर्फावरच्या घसरगाडीवर ठेवलं. कित्येक महिन्यांत पहिल्यांदा मला हलकं वाटत होतं.

पुढचं सोपं होतं. बाबांच्या कचेरीतले तिघे एका गाडीतून आले. त्यांतल्या एकाने तर गाडीतून न उतरताच विचारलं आणि खिडकीतून बाटली दिली. बाबांच्या आत्याची मुलगी आली, ती थोडं रडली आणि मग घड्याळ बघितलं. प्रत्येकाला मी तेच सांगितलं आणि प्रत्येकाच्या तोंडावर तेच हायसं वाटणं आलं, कुणाच्या लवकर, कुणाच्या उशिरा. कुणीही म्हणालं नाही, मग तू काय खाल्लंस? कुणीही म्हणालं नाही, खोटं बोलतेस. सारमाचा वास दारापर्यंत येत होता. नाक सगळ्यांना होतं.

कुम दोब्रिवोये दुपार कलल्यावर आले. आईबाबांच्या लग्नात मेणबत्ती धरून साक्षीला उभे राहिलेले ते, माझं नामकरण त्यांच्या हातचं. आमच्यात कुमचा शब्द सख्ख्या भावापेक्षा वर. ट्रामच्या थांब्यापासून काठी टेकत चढ चढून आले, डोक्यावर ती जुनी टोपी, काखेत वाइनची बाटली वर्तमानपत्रात गुंडाळलेली. मला बघून त्यांनी टोपी काढली. त्यांच्यासमोर मात्र मला वाटलं, आता संपलं. हे मला ओळखणार. खरं सांगायचं तर मला तेच हवं होतं. सकाळपासून मी कदाचित त्यांच्यासाठीच तिथे उभी होते. त्यांनी माझा कान धरावा, खोटारडे म्हणावं आणि मला ओढत वर न्यावं, आणि वरून बाबांना फोन करून म्हणावं, ये इकडे गाढवा, पोरगी रस्त्यावर उभी आहे. तो अधिकार फक्त त्यांनाच होता.

"यंदा नाही," मी म्हणाले.

त्यांनी मान वर करून चौथ्या मजल्याकडे पाहिलं. स्वयंपाकघराची खिडकी वाफेने पांढरी झाली होती. "संताचा दिवस कुणाला रद्द करता येत नाही, पोरी," ते म्हणाले.

"मला माहीत आहे."

"वर मेणबत्ती आहे?"

"आहे."

"आणि तिकडे?"

"तिकडेपण."

त्यांनी मान हलवली. काठीच्या टोकाने एक पान पायरीवरून खाली लोटलं. मी वाट बघत होते. "दोन मेणबत्त्यांना मी एकटा कुठे पुरणार?" ते म्हणाले. "इकडे चढलो तर त्याच्याशी बेइमानी, तिकडे गेलो तर हिच्याशी. बायको सकाळपासून म्हणतेय, ताप आलाय म्हणून सांगा आणि घरी बसा." मग त्यांनी बाटली माझ्या हातात दिली आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला. "तू मला मोकळं केलंस. शहाणी आहेस." आणि टोपी घालून ते चढ उतरू लागले, येताना होते त्यापेक्षा जरा भरभर. मी त्यांना हाक मारली नाही. शहाणी म्हणे. मी थुंकले, तिथेच, पायरीवर.

बाटलीही जिन्याखाली ठेवून वर आले तेव्हा मेणबत्ती निम्म्यावर आली होती. आई अजून उभीच होती. स्लाव्हाच्या दिवशी यजमानाने बसायचं नसतं, पाहुण्यांना वाढत उभं राहायचं असतं. पूर्वी ते बाबा करायचे, संध्याकाळपर्यंत त्यांचे पाय सुजायचे, आणि मी टेबलाखाली शिरून त्यांच्या बुटांच्या नाड्या सैल करायचे. आता आई टाचांच्या बुटांत उभी होती. गव्हावरची साखरेची फुली जशीच्या तशी होती.

"कुणीच नाही?"

"नाही."

तिने टेबलक्लॉथची कड सरळ केली. "म्हणजे सगळे तिकडे गेले," ती म्हणाली. तेव्हा मी सांगू शकले असते. सांगायला एक वाक्य पुरलं असतं. पण तिच्या तोंडावर दुःखाबरोबर अजून एक काहीतरी उमटत होतं, आपण बरोबर होतो याचं समाधान, आणि ते बघून माझी जीभ आत गेली. तिने झटक्यात डूल काढले, पातेल्यावर झाकण ठेवलं, झाकणाला फडकं बांधलं. "हे घेऊन जा."

"कुठे?"

"तिकडे. एवढी माणसं लोटल्यावर कमी पडणार. ती बाई काय करणार आहे, दुकानातून आणलं असेल. खाऊ देत, म्हणजे आठवण राहील त्यांना कुणाच्या हातचं खात होते." तिचे डोळे कोरडे होते. "आणि तू तिकडेच जेव. इथे काय बसायचंय."

जाताना जिन्याखालची ती वाइनची बाटली काखेत घेतली आणि ट्राममध्ये पातेलं मांडीवर घेऊन बसले. खालून चटका बसत होता, मी कोट दुमडून खाली घेतला. डब्यात सणाच्या कपड्यांतली माणसं होती, एका घरून दुसऱ्या घरी निघालेली, दारूने आणि जेवणाने लाल झालेली. दोन घरचा पाहुणा उपाशी म्हणतात, आणि मी सकाळपासून पाण्याचा घोटही घेतला नव्हता. ट्राम पुलावर चढली. खाली साव्हा नदी राखाडी, जवळजवळ हलत नसलेली. मला एकदम वाटलं, मी लहान असते तर आता रडले असते आणि कुणीतरी विचारलं असतं. पंधरा वर्षांच्या मुलीला कुणी विचारत नाही, तिचं पातेलं सांडू नये म्हणून लोक फक्त जरा सरकून बसतात.

इरेनाच्या नावाची घंटी दाबली. वर पोचले तर दार उघडायच्या आधीच आत धावपळ ऐकू आली, खुर्ची सरकली, इरेनाचा आवाज, "आले, आले, आधी ताट द्या माझ्याकडे." दार उघडलं. बाबा काळ्या सुटात, सणाच्या दिवशीचं ते रुंद हसू तोंडावर. मागे इरेना, हातात गव्हाचं ताट, चमचे, पाण्याचे पेले. तिच्या मागे तिचा मुलगा, केस पाणी लावून बसवलेले. त्यांच्या पलीकडे लांब टेबल, वीस बशा, एकही न हललेली. आणि भिंतीवर आमची तसबीर.

"तू होय," बाबा म्हणाले. त्यांनी माझ्या खांद्यावरून जिन्यात पाहिलं. "बाकीचे मागून येतायत?"

"नाही."

"सांगितलं नाहीस त्यांना?"

मी पातेलं पुढे केलं. "आईने सारमा पाठवलाय."

बाबांनी पातेलं हातात घेतलं. ते जड होतं, भरलेलं. किती खाल्लं गेलं असेल याचा त्यांनी हाताने अंदाज घेतला असावा, आणि तो चुकीचा निघाला. "इतकं केलंय की पाठवण्याइतकं उरलं," ते म्हणाले. "म्हणजे सगळे तिच्याकडे गेले." शब्दसुद्धा तेच. वेगळी होऊनही ही माणसं एकाच तोंडाने बोलतात.

इरेना ताट घेऊन तशीच उभी होती. पहिला पाहुणा येईल म्हणून ती सकाळपासून ते घेऊन उभी राहायची तयारी करत असणार. "मी पहिल्यांदाच शिजवलेत," ती हळूच म्हणाली. "बरोबर झालेत का बघशील?" तिचा मला खूप राग यायला हवा होता. तो आला नाही, आणि त्यामुळे अजूनच वाईट वाटलं. मी तिथेच उंबऱ्याशी छातीवर क्रूसाची खूण केली, चमचाभर गहू तोंडात घातले, पाणी प्यायले, चमचा पेल्यात ठेवला. गव्हात साखर जास्त झाली होती. मग पातेलं ठेवून आलेल्या बाबांच्या हातात काखेतली कुम दोब्रिवोयेंची बाटली दिली, कारण स्लाव्हाला रिकाम्या हाताने जात नाहीत, आणि सगळे म्हणतात तसं म्हटलं, "सण सुखाचा होवो, यजमान."

बाबांनी वर्तमानपत्राच्या गुंडाळीकडे पाहिलं, आणि वर्षानुवर्षांच्या सवयीने त्यांच्या तोंडून आपोआप निघालं, "देवाची कृपा. या, बसा." म्हटल्यावर ते स्वतःच दचकले. पण शब्द तर गेले होते.

मी बसले. टेबलाच्या मधोमध, वीस खुर्च्यांपैकी एकीवर. बाबांनी फडकं सोडलं आणि मला आईच्या हातचा सारमा वाढला, दोन, मग तिसरा, वरून रस. स्वतः बसले नाहीत. खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून मागे उभे राहिले, जसे यजमान राहतात. इरेना भिंतीशी, तिचा मुलगा तिच्याशी. मी खाल्लं. भूक इतकी लागली होती की चव कळत नव्हती, आणि तिघं माझ्याकडे बघत होते. मेणबत्ती चरचरत होती. पावाचा अर्धा तुकडा टेबलाच्या टोकाला पडला होता, वरचे कणकेचे पक्षी शाबूत.

"छान झालंय," बाबा म्हणाले, त्यांनी चाखलंही नव्हतं. मग जरा खाकरले. "मी म्हणत होतो, आता तू आलीच आहेस. ते आपलं बोलणं. तुझं काही ठरलं का गं? म्हणजे घाई नाही. पण निदान आज तरी राहतेस ना?"

मी ताट पुसून घेतलं, पावाचा तुकडा फिरवून शेवटचा रससुद्धा. हातरुमालाने तोंड टिपलं. खुर्ची मागे सारून उठले आणि कोटाची बटणं लावली.

"नाही, निघते," मी म्हणाले. "अजून एका घरी जायचंय."